आयसिसच्या बेटावर

इजिप्तमध्ये अस्वानच्या दक्षिणेला शेलालच्या धक्क्यावरून मोटरबोट सुटते आणि ग्रॅनाइटच्या खडकांना वळसा घातला की आयसिस या प्राचीन इजिप्शियन देवीचं मंदिर समोर उभं राहतं. नाव फिलाईचं मंदिर, पण फिलाई बेट केव्हाच पाण्याखाली गेलं. १९०२ मध्ये अस्वानला नाईलवर पहिलं धरण झालं आणि मंदिर दरवर्षी कित्येक महिने बुडू लागलं. शेवटी १९७२ ते १९८० या काळात सुमारे ४० हजार दगड सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर ते जसंच्या तसं उभारलं.

आयसिसची कथा ठाऊक असलेल्याच्या अंगावर इथे काटाच येतो. सेथने आयसिसच्या नवऱ्याला, ओसायरिसला, म्हणजे आपल्याच सख्ख्या भावाला मारून देहाचे तुकडे इजिप्तभर विखुरले. आयसिसने बहिणीला, नेफ्थिसला सोबत घेऊन ते हुडकले, जुळवले, आणि मग तिच्या पोटी होरस आला. मंत्रविद्या तिच्याकडे होतीच, पण त्याआधी तिने नदीकाठ पालथा घातला. मला ती थोर वाटते ती या पायपिटीमुळे.

गर्दी असते ती पहिल्या गोपुरापाशी. मी जास्त रेंगाळले पश्चिमेच्या, रोमन सम्राट हेड्रियनच्या दारात. तिथे भिंतीवर खडकांची उतरंड कोरलीय, तिच्या पोटात गुहा, गुहेला सापाचा वेढा, आणि आत बसलेला नाईलचा देव हापी दोन कुंभांतून पाणी ओततोय. ते खडक म्हणजे पलीकडचं बिगा बेट. ओसायरिसचा डावा पाय तिथे पुरलाय अशी श्रद्धा होती, आणि दर दहा दिवसांनी आयसिसची मूर्ती नावेतून तिथे जायची, नवऱ्याला दूध अर्पण करायला.

आतल्या खांबांवर क्रूस कोरलेत. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने मंदिर बंद केलं, सभामंडपाचं चर्च झालं. बऱ्याच मूर्तींचे चेहरे छिन्नीने खरवडलेत. ते पाहून जीव तुटतो.

हेड्रियनच्या त्याच दारात मंदुलिस या न्युबियन देवाच्या चित्राशेजारी एस्मेत-आखोम या पुजाऱ्याने २४ ऑगस्ट ३९४ रोजी काही ओळी कोरल्या. चित्रलिपीतला तारीख ठाऊक असलेला हा शेवटचा लेख. तीन हजारांहून अधिक वर्षं चालत आलेली लिपी इथे थांबली. अक्षरं ओबडधोबड आहेत, पण शेवटी त्याने ‘अनंतकाळासाठी’ असं लिहिलंय. वेळ कमी असेल तर रोमन सम्राट ट्रेजनचा मंडप बोटीतूनच पाहा, पण हे दार चुकवू नका.