किल्लीचा आलेख

भाचीला गृहपाठ होता: घरातल्या कुणाच्याही एका फेरीचा अंतर-काल आलेख काढा. मी माझी सकाळ देऊ केली. घरून निघालो, पाच मिनिटांत ४०० मीटर गेलो, ऑफिसच्या कपाटाची किल्ली आठवली, मिनिटभर खिसे चाचपले आणि तीन मिनिटांत धावत घरी परत.

तिने रेघ वर चढवली, थोडी आडवी नेली आणि मग डावीकडे वळवून खाली आणली.

"अगं, डावीकडे कशाला?"

"मामा, तू मागे फिरलास ना!"

तिच्या कागदावर मी मागे फिरलो त्याच्याही आधी घरी पोहोचत होतो. तसं जमलं असतं तर किल्ली विसरलोच नसतो. पण आडव्या अक्षावर वेळ असते. आपण उलटे फिरलो तरी रेघ उजवीकडेच सरकते, फक्त खाली उतरते. परतीची रेघ जास्त तिरपी का, हे मात्र तिला लगेच कळलं: "तू धावलास म्हणून."

खरा घोळ वेग-काल आलेखात झाला. मघाशी आडवी रेघ म्हणजे मी उभा होतो, इथे तीच आडवी रेघ म्हणजे एका चालीने चालतोय! जाताना मिनिटाला ८० मीटर, म्हणून अक्षाच्या वर एक आयत. येताना साधारण १३३, पण दिशा उलटी, म्हणून अक्षाच्या खाली दुसरा, अरुंद आणि उंच. आयताचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, ही युक्ती १४व्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने चित्र काढून दाखवली होती. वर ४००, खाली ४००. बेरीज शून्य. घाम तेवढा आलेखात येत नाही.

मग तिने पहिल्या आलेखाच्या शेवटी अक्षाला चिकटलेल्या रेघेवर बोट ठेवलं. "इथे चार मिनिटं तू नुसता बसला होतास?"

बसलो कसला! उशा उलट्या केल्या, पलंगाखाली शिरलो, कपडे झटकले. पण आलेख घरापासूनच्या अंतराचा, आणि मी घरातच. त्यामुळे कागदावर मी अगदी निवांत.

"आणि किल्ली?"

किल्ली बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होती. तिचाही आलेख काढला असता तर माझ्या रेघेवरच बसला असता.