तुम्ही विचारलंत म्हणून: तिघांतलं खरं कोणाचं?

‘हूड’ या ब्रिटिश युद्धनौकेतून वाचलेल्यांच्या जबान्या मी वर्षानुवर्षं वाचते आहे, हे कळलं की कोणीतरी हमखास विचारतं, “वाचलेले तिघं. त्या तिघांचं सांगणंही जुळत नाही. मग खरं कोणाचं धरायचं?”

तिघांचंही. पण आधी ते कुठे उभे होते ते बघा.

२४ मे १९४१ची पहाट, ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मधली डेन्मार्क सामुद्रधुनी. ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेशी तोफांची लढाई सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच ‘हूड’चा स्फोट झाला. साधारण तीन मिनिटांत जहाज बुडालं. १,४१८ जणांपैकी टेड ब्रिग्ज, बॉब टिलबर्न आणि बिल डंडास एवढेच हाती लागले. ‘इलेक्ट्रा’ ही विनाशिका शेकडो माणसं उचलायच्या तयारीने आली होती.

ब्रिग्ज आणि डंडास ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या उंच जागी होते, टिलबर्न खाली उघड्या बोट डेकवर. स्फोट झाला मागे, दारूगोळ्याच्या कोठारांपाशी. तिथलं कोणीच वाचलं नाही. म्हणजे जहाज कशाने फुटलं हे ज्यांनी पाहिलं असेल ते सगळे गेले आणि आपण तो प्रश्न त्या तिघांना विचारत बसतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. ब्रिग्जला कानठळ्या बसवणारा आवाज आठवत नाही, म्हणून त्याच्या आठवणीवर शंका घेणारे मला भेटले आहेत. त्याला आठवतं ते पायाखालचं जहाज कलंडणं. ब्रिजवरच्या माणसाला तेच कळणार.

जहाज कशाने बुडालं हे शोधायला बसवलेल्या पहिल्या चौकशी मंडळाने साक्षी शब्दशः नोंदवून ठेवल्या नाहीत. त्यावर टीका झाली आणि त्याच वर्षी दुसरं मंडळ बसलं, त्याने पावणेदोनशेच्या आसपास साक्षीदार तपासले. निष्कर्ष फारसा बदलला नाही: ‘बिस्मार्क’चा गोळा मागच्या कोठारांत किंवा त्यांच्या लगत फुटला. पण त्या दुसऱ्या मंडळामुळे माणसांचे शब्द टिकले, म्हणून मी त्याची ऋणी आहे. लढाईत शेजारी असलेल्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या ब्रिटिश युद्धनौकेचे कप्तान लीच यांनी मंडळासाठी एक रेखाचित्र काढून दिलं. मागच्या डोलकाठीपाशी सरळ वर चढलेला ज्वाळेचा खांब. डिसेंबरात मलायाच्या समुद्रात त्यांचं जहाज बुडालं, त्यात तेही गेले. त्या चित्राबद्दल त्यांना पुन्हा काही विचारायची सोयच राहिली नाही.

वाचताना मी वहीत दोन रकाने करते. एकात माणसाने स्वतः पाहिलेलं, केलेलं; दुसऱ्यात नंतर ऐकून-वाचून त्यात मिसळलेलं. स्फोटाची कारणं बहुधा दुसऱ्यात जातात. पहिल्यात हातापायांच्या गोष्टी उरतात. टिलबर्नच्या पायाला पाण्यात तार गुंडाळली गेली आणि त्याने चाकूने बूट कापून पाय सोडवला. डंडास ब्रिजच्या खिडकीतून बाहेर पडला. मग थंडीने झोप लागू नये म्हणून तराफ्यांवर त्यानेच बाकी दोघांना गायला लावलं. या गोष्टी माणूस सहसा विसरत नाही.

ब्रिग्ज तिघांत सर्वात जास्त जगला, २००८ पर्यंत. जुलै २००१मध्ये जहाजाचे अवशेष सापडले तेव्हा तो त्या जागी गेला होता आणि समुद्रतळावर ठेवायचा स्मृतिफलक त्याच्याच हाताने सोडला गेला. त्याच्या सांगण्यातली एक गोष्ट मी पहिल्या रकान्यात लिहून ठेवली आहे. जहाज कलंडत असताना तो ब्रिजच्या दाराशी पोहोचला. नौकानयन अधिकारी कमांडर वॉरंड तिथे होते. अठरा वर्षांच्या या सिग्नलमनला आधी जाता यावं म्हणून ते बाजूला झाले. ताडून पाहायला माझ्याकडे दुसरा साक्षीदार नाही. वॉरंड परत आले नाहीत. मी ती ओळ पेन्सिलीने नाही, शाईने लिहिली आहे.