आईचा जबडा
आज अमळनेरहून आईला घेऊन जळगाव. सहा महिन्यांपूर्वी दाढ काढली, पण ती जागा काही भरेना. मधूनच पू, हनुवटीला मुंग्या. गावातल्या साध्या एक्स-रेत "काही नाही" म्हणाले होते. डॉक्टरांनी आज सांगितलं, हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत फारसं दिसतच नाही. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्री-डी स्कॅन.

कानातले, मंगळसूत्र काढून माझ्या मुठीत. आई दातात ती प्लॅस्टिकची कांडी धरून उभी, मशीन डोक्याभोवती फिरलं, अर्ध्या मिनिटात काम झालं. बाहेर येऊन म्हणे, "व्हयनं? इतलंच?"

मग स्क्रीनवर जबड्याचे काप. वाळवीने पोखरलेल्या लाकडासारखं हाड, आणि मधे एक पांढरा तुकडा, सगळ्यांपासून सुटलेला. मेलेलं हाड. ते आत आहे तोवर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, काढावंच लागतं. खालची नस किती जवळ आहे तेही डॉक्टरांनी मोजून दाखवलं. थोडा तुकडा तपासणीला जाणार. आधी साखर आटोक्यात आणायची, तिथंच आमचं घोडं अडतं.

परतीच्या एसटीत आईचा एकच प्रश्न, कळण्याची भाकरी कधी चावता येईल? सध्या दुधात कुस्करून, म्हटलं. तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली.