साडेआठची नोंद

आपल्या शाळेच्या स्मरणिकेतल्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत सुरतेला स्वतःचा कारखाना टाकलेले आहेत, फौजेतून सुभेदार होऊन आलेले आहेत, डॉक्टर आहेत. त्यांच्या रांगेत माझं नाव कुणी घातलं ते कळलं नाही, पण घातलंय तर ओळख करून देते. मारुतीच्या पाराला लागून जे घर आहे, तिथली मी थोरली मुलगी. अमळनेरला प्रताप कॉलेजात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय भूगोल. अजून कुणी झालेली नाही. गल्लीतल्या काकू 'बास झालं आता शिक्षण' म्हणत स्थळं सुचवत असतात. त्यांना मी सांगते, प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण झालं की बघू. जर्नल काही पूर्ण होत नाही.

माझा दिवस मुक्कामी गाडीवर चालतो. रात्री गावात थांबलेली एसटी सकाळी सहाला सुटते. ती हुकली की फाट्यापर्यंत पायपीट, आणि तिथं काळीपिवळी मिळाली तर मिळाली. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा पास होता, एक पैसा लागत नव्हता. आता सवलतीचा पास काढते, भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. शहरातल्या मैत्रिणी त्याच्या बदल्यात पोळी-भाजी देतात, सौदा वाईट नाही. दिवाळीच्या सुटीत कापूस वेचते. आधी घरचा, तो आटोपला की दुसऱ्यांचा, किलोच्या भावानं. कधी न वेचणाऱ्यांना वाटतं, कापूसच तो, मऊ काम असेल. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात आणि मग कितीतरी दिवस मिरचीला हात लावायची सोय राहत नाही. पण पास आणि पुस्तकांचा खर्च त्यातूनच सुटतो, पप्पांपुढे हात पसरावा लागत नाही.

एफ.वाय.ला असताना, फेब्रुवारी २०२४ मध्ये, आमच्या कॉलेजच्या मैदानावर ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मी स्वयंसेविका होते. मोठमोठे लेखक पाहिले, म्हणजे त्यांची पाठ पाहिली, कारण माझी ड्यूटी मंडपाच्या मागच्या दाराला होती.

आता शाळेबद्दल. आमची बॅच २०२१ची. त्या वर्षी बोर्डानं दहावीची परीक्षाच रद्द केली आणि नववी-दहावीच्या अंतर्गत गुणांवर निकाल लावला. अजूनही कुठं दहावीचं वर्ष सांगितलं की समोरचा हसतो, 'म्हणजे तुम्ही बिनपरीक्षेचे!' आमचा निरोप समारंभ झाला नाही, ग्रुप फोटो निघाला नाही. स्मरणिकेत बॅचवार फोटो छापणार आहेत असं ऐकलं. आमच्या जागी काय छापणार ते समितीनंच ठरवावं.

पण मला विचाराल तर शाळेची माझी खरी आठवण त्याच बंद वर्षातली आहे.

ध्वजस्तंभाच्या मागं तारेच्या कुंपणात एक डबा आहे. बऱ्याच जणांना तो पाण्याचा मीटर वाटायचा. तो पर्जन्यमापक. वर १२७ मिलिमीटर व्यासाचं नरसाळं, त्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं. काचेला लागून पाणी थोडं वर चढलेलं दिसतं, तो आकडा घ्यायचा नाही. मधल्या खोलगट भागाचा घ्यायचा. साडेआठच का? हवामान खात्याची देशभरातली पावसाची नोंद त्याच वेळी होते, कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतची. नरसाळ्यात निंबाचं पान अडकलं असेल तर ते आधी त्याच नरसाळ्यात झटकायचं, मग फेकायचं, कारण पानावरचं पाणीही पावसाचंच. हे सगळं भूगोलाच्या सरांनी शिकवलं आणि आठवीत काम माझ्याकडे सोपवलं. हुशार म्हणून नव्हे, घर जवळ म्हणून.

ते २०१८ साल. पावसानं अशी दडी मारली की पुढं जिल्ह्यातले बरेच तालुके दुष्काळी जाहीर झाले. मी रोज जायची, कोरडी बाटली काढायची, परत ठेवायची. सरांना विचारलं, पाऊसच नाही तर लिहू काय? सर म्हणाले, "निरंक लिही. कोरी जागा सोडलीस तर उद्या वाचणारा म्हणेल, पोरगी आलीच नव्हती. पाऊस पडला नाही हे सांगायलाही कुणीतरी जाऊन बघावं लागतं." त्या वर्षीची पानंच्या पानं 'निरंक'नं भरलेली आहेत. पुढच्या वर्षी उलटं झालं. २०१९ला ऐन दिवाळीत पाऊस सुरू झाला तो थांबेना, आणि वेचणीला आलेला कापूस झाडावरच काळा पडला.

मग मार्च २०२०, आणि शाळेला कुलूप. आमच्या घरात एकच मोबाइल. तो पप्पांसोबत शेतात जायचा. दुपारी परत आला की धाकट्या भावाचा तास आणि माझा तास एकाच वेळी. मी बहुतेक वेळा भूमिती सोडून द्यायची, भावाला वाटायचं ताई किती चांगली आहे. जून लागला तसं मी शिपाईमामांना विचारलं, मामा, पावसाच्या नोंदीचं काय? मामा म्हणाले, "पानीले काय लॉकडाऊन शे का?" आणि रोज सकाळी फाटक उघडून द्यायला लागले. प्रार्थनेच्या मैदानाच्या कडेला त्यांनी गिलक्याचे वेल लावले होते. एक वेल खो-खोच्या खांबावर चढला होता, त्याला चांगली हातभर गिलकी लागली होती. नोंद झाली की दोन हातावर ठेवायचे. मी आकडा सरांना व्हॉट्सॲपवर टाकायची, सर तो गावाच्या ग्रुपवर. थोड्या दिवसांत पारावर बसणारी माणसं मला थांबवून विचारायला लागली, "कितलं पानी पडनं वं?" त्या वर्षी फळ्यावर मी काही शिकले नाही, पण रोज सकाळी शाळेत गेले, आणि आमच्या बॅचमधलं हे कुणाच्याच गुणपत्रिकेत आलेलं नाही.

आता कॉलेजात प्रोजेक्टसाठी त्याच वह्या काढून बसले आहे. किमान अडीच मिलिमीटर पाऊस झाला तर तो दिवस पावसाळी धरतात. त्या हिशेबानं मांडणी केली की वर्षाची बेरीज किती फसवी असते ते दिसतं. बेरीज बरी दिसते, पण त्यातला निम्मा पाऊस चार-दोन दिवसांत ओतलेला असतो आणि मधल्या खंडात पीक माना टाकतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अतिवृष्टीची भरपाई ठरते ती २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर, आणि तो मोजला जातो महसूल मंडळाच्या, म्हणजे बऱ्याच गावांच्या मिळून एका सरकारी विभागाच्या केंद्रावर. आपल्या गावापासून ते केंद्र लांब. नाल्याच्या अलीकडे धो-धो आणि पलीकडे फुफाटा, हे आपल्या भागात कुणाला नवीन नाही. एकदा आपल्या वहीत ६५च्या बराच वर आकडा होता आणि मंडळाचा आकडा आत राहिला. गावातली माणसं शाळेची वही घेऊन गेली, त्यांत पप्पाही होते. वही सरकारी नाही, या एका वाक्यावर सगळे परत आले. पप्पा त्या दिवशी माझ्यावरच चिडले होते, एवढी रोज मोजतेस ते कशाला म्हणून. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. कुणाच्याही डब्यावर भरवसा ठेवून पैसे वाटता येणार नाहीत, हे भूगोल शिकणारीला कळतं. पण एवढ्या मोठ्या मंडळाला एक केंद्र पुरत नाही, हेही त्याच वहीतून दिसतं. माझा प्रोजेक्ट त्यावरच आहे. मार्गदर्शक मॅडम म्हणतात, विषय चांगला आहे, फक्त जास्त वर्षांचे आकडे आण.

तिथंच अडलं आहे. ऑफिसच्या कपाटात जुन्या वह्या सापडल्या, पण मधली बरीच वर्षं गायब आहेत आणि काहींना वाळवी लागली आहे. माझ्या आधी कुणीतरी हे काम करतच असणार. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत अशी वही राहिली असेल, तर कृपा करून रद्दीत घालू नका. सुरत, पुण्याकडच्यांनी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला येताना आणली तरी चालेल. पानं सुटली असली, आकडे पुसट असले, तरी द्या. मोजपात्राची वरची कड फुटली आहे, तेही कुणाला नवीन घेऊन द्यावंसं वाटलं तर जरूर द्या. वह्या ऑफिसात ठेवा, नाहीतर सकाळी साडेआठला कुंपणापाशी सातवीतली एक मुलगी नोंद घेत असते, तिच्याकडे. मी त्या वेळी अमळनेरला असते.