आरसी ट्रकच्या शॉकसाठी निपाणी ते उद्यमबाग

माझे आणि भाच्याचे मिळून दोन आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारे ट्रक आहेत. एक 1:10 मापाचा (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याचा) शॉर्ट कोर्स, म्हणजे वेगानं उड्या मारत पळणारा, दुसरा त्याच मापाचा क्रॉलर, म्हणजे दगडांवरून हळू चढणारा. पाऊस थांबल्यावर माळावर गाड्या काढल्या आणि दोन्हींचे शॉक (धक्के सोसणारे शॉक ॲब्सॉर्बर) गेले. शॉर्ट कोर्सच्या पुढच्या शॉकचा दांडा उडीत वाकला, क्रॉलरचे मागचे दोन्ही शॉक तेल गाळायला लागले. निपाणीत यातलं काही मिळत नाही, म्हणून सगळं डब्यात भरून बेळगाव गाठलं. नवे जोड घ्यावेत एवढाच विचार होता. बेळगावच्या बाजारात नवे शॉक मिळाले नाहीत, पण जुने मात्र उत्तम दुरुस्त झाले. या भागात आरसी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

निघण्याआधी घरीच मापं घ्या. शॉक पूर्ण ताणून वरच्या डोळ्याच्या (स्क्रू जातो त्या भोकाच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजायचं. क्रॉलरचे शॉक साधारण 80, 90, 100, 110 अशा मापांत विकले जातात आणि हा आकडा याच लांबीचा असतो, नुसत्या नळीचा नव्हे. शॉर्ट कोर्समध्ये पुढचे आखूड आणि मागचे लांब असतात, म्हणून एकाच मापाचे चार मागवू नका. दांडा पूर्ण आत ढकलूनही एक माप घ्या. नवा शॉक आत गेल्यावर जुन्यापेक्षा लांब राहत असेल, तर चाक पूर्ण वर येत नाही आणि दणका थेट शॉक टॉवरवर (शॉकचं वरचं टोक जिथं बसतं त्या पट्टीवर) बसतो. दांड्याची जाडी, बहुतेक ठिकाणी 3 मिमी, आणि डोळ्यातल्या स्क्रूचं भोक हेही लिहून ठेवा. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) नसेल तर जुना शॉकच सोबत न्या.

निपाणीहून हायवेनं संकेश्वर, हत्तरगी, काकती असं सरळ बेळगाव. आम्ही आधी खडेबाजार आणि गणपत गल्लीतली खेळण्यांची दुकानं पालथी घातली. रिमोटच्या गाड्या भरपूर आहेत, सुटे भाग नाहीत. दुकानदार नम्रपणे नवी गाडी दाखवतात. हा फेरा तुम्ही वाचवा.

खरं ठिकाण म्हणजे उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत. तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं, खानापूर रस्त्यावर. फाउंड्री, लेथ आणि हायड्रॉलिकच्या कामासाठी बेळगावचं नाव आहे, आणि आपला तेलाचा शॉक म्हणजे आत पिस्टन, दांडा, सील असलेला छोटासा सिलिंडरच. सील विकणाऱ्या दुकानात काउंटरवर क्रॉलरचा शॉक ठेवला. मालकांनी तो दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो तर सिलिंडरच की! सील गेलंय, बाकी ठीक हाय." जुनी ओ-रिंग, म्हणजे सीलचं गोल रबरी कडं, गेजवर लावून त्यांनी त्याच मापाची नायट्राइलची (तेलात टिकणाऱ्या रबराची) काढून दिली. इथं एक गोष्ट सांभाळा. आरसी शॉकमध्ये सिलिकॉन तेल असतं आणि सिलिकॉन रबराची ओ-रिंग त्यात फुगते. म्हणून नायट्राइलच मागा, आणि जास्तीच्या घ्या. काही रुपयांची वस्तू आहे.

वाकलेल्या दांड्यासाठी एका लेथवाल्याकडं गेलो. सरळ करून द्या म्हटलं तर त्यांनी नकार दिला आणि तो बरोबर होता. सरळ केलेल्या दांड्यावर बारीक ओरखडा किंवा बाक राहतोच आणि तो प्रत्येक हालचालीला सील कापत जातो. त्यांनी 3 मिमीची पॉलिश केलेली स्टेनलेस रॉड कापून दोन्ही टोकांना एम3 आटे पाडून दिले. आमच्या दांड्याला पिस्टन नटनं बसतो म्हणून हे जमलं. तुमच्याकडं पिस्टन ई-क्लिपवर (खाचेत बसणाऱ्या छोट्या चापावर) असेल तर दांड्यात खाच पाडावी लागते. एवढ्या बारीक दांड्यावर ती अचूक पाडणं जिकिरीचं असतं, तिथं तयार दांडाच मागवा. वर्कशॉपमध्ये दुपारी जेवणाची सुट्टी असते, सकाळी पोचलात तर काम त्याच दिवशी हाती येतं. आमचं सगळं बोलणं मराठीतच झालं. पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी नग हातात असला की कुणाला काही समजवावं लागत नाही.

तेल मात्र इथं शोधत बसू नका. मोटरसायकलचं फोर्क ऑइल घाला असं कुणी सांगेल, ते घालू नका. उन्हा-थंडीत त्याचा दाटपणा सिलिकॉन तेलापेक्षा कितीतरी जास्त बदलतो. सिलिकॉन शॉक तेलाची बाटली आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा. 30 वेट म्हणजे सुमारे 350 सीएसटी (दोन्ही तेलाच्या दाटपणाची मापं), शॉर्ट कोर्सला सुरुवातीला हे ठीक. भरताना पिस्टन खाली ठेवून तेल ओतायचं, दांडा हळूहळू वरखाली करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत शॉक उभा ठेवायचा. घाईनं टोपण लावलं की आत हवा राहते आणि शॉक फसफसतो. डाव्या-उजव्या शॉकमध्ये एकच तेल, एकच स्प्रिंग.

नवेच हवे असतील तर पुणे, मुंबई, बेंगळुरूच्या ऑनलाइन आरसी दुकानांतून मागवा. 2020 मध्ये अलीएक्स्प्रेसवर बंदी आल्यापासून थेट चीनची स्वस्त वाट बंद झाली आहे. डब्ल्यूपीएल, एमएनसारख्या कंपन्यांच्या छोट्या ट्रकचे मूळ शॉक प्लास्टिकचे आणि बिनतेलाचे असतात. ते दुरुस्त करण्यात अर्थ नाही, लांबी जुळवून धातूचे तेलवाले बसवा. मोठ्या गाडीसाठी ॲल्युमिनियमची टोपणं घेणं मला पटतं. प्लास्टिकच्या टोपणाचे आटे लवकर झिजतात आणि टोपण उडालं की सगळं तेल मातीत जातं.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात चालवणार असाल तर दांड्यावर रबरी बूट चढवा, नाहीतर फुग्याचा तुकडा कापून ओढा. तिथली तांबडी माती फार बारीक असते, दांड्याला चिकटते आणि सीलमध्ये शिरते. खानापूरहून येणाऱ्यांना उद्यमबाग शहराच्या आधीच लागते, त्यांना आत शिरायचीही गरज नाही. चिकोडी-निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. तिथल्या शिवाजी उद्यमनगरातही लेथची कामं होतात, त्यामुळं दांडाच करायचा असेल तर मी पुढच्या वेळी तिकडंच जाईन. सीलसाठी मात्र बेळगावच.