५१, ५५.५, ५८: मकायबी दिवाचे तीन मेलबर्न कप

मकायबी दिवा या घोडीने २००३, २००४ आणि २००५ असा सलग तीनदा मेलबर्न कप, ही ऑस्ट्रेलियातली घोड्यांची मोठी शर्यत, जिंकला, हे रेस बघणाऱ्या बहुतेकांना पाठ असतं. तिची खरी कमाई मात्र वजनाच्या आकड्यांत दिसते. ही रेस हँडिकॅप आहे. घोडा जितका चांगला, तितकं जास्त वजन. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं तर खोगिराखाली शिसं लावतात. दिवाला पहिल्या वर्षी ५१ किलो होते, दुसऱ्या वर्षी ५५.५ आणि तिसऱ्या वर्षी ५८. म्हणजे दोन वर्षांत सात किलो वाढले, अंतर तेच ३२०० मीटर. ५८ किलो घेऊन हा कप जिंकणारी घोडी तिच्याआधी झाली नव्हती.

जन्म इंग्लंडचा, मार्च १९९९. ऑस्ट्रेलियात सगळ्या घोड्यांचं वय १ ऑगस्टला एका वर्षाने वाढतं, त्यामुळे चार महिन्यांची असतानाच ती कागदावर एक वर्षाची झाली. अशा घोड्याला लहान वयात अंगाने मोठ्या घोड्यांशी पळावं लागतं. तिला २००२च्या हिवाळ्यापर्यंत (तिकडे तो जून ते ऑगस्ट) ट्रॅकवर आणलं नाही, ते बरंच झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने २५०० मीटरची क्वीन एलिझाबेथ स्टेक्स जिंकली.

लांब पल्ल्याचा घोडा म्हणजे संथ घोडा, हा गैरसमज आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या स्टँडमध्येही ऐकू येतो. दिवाची पळण्याची रीत बघा. तिचा जॉकी ग्लेन बॉस तिला सुरुवातीला मागे, इतर घोड्यांच्या आडोशाला ठेवायचा. वारा पुढच्यांनी झेलायचा, हिने दम राखायचा. कप जिथे होतो त्या मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सची शेवटची सरळ वाट साधारण ४५० मीटरची आहे, त्यामुळे मागून येणाऱ्याला वेळ मिळतो. धोका एकच: २४ घोड्यांच्या गर्दीत वाट न मिळणं. फार लवकर बाहेर काढलं तर वळणावर जास्त अंतर पडतं, उशीर केला तर कोंडी होते.

वेग होता याचा पुरावा २००५चाच. २२ ऑक्टोबरला तिने २०४० मीटरची कॉक्स प्लेट जिंकली आणि दहाच दिवसांनी कप. दोन्हींना एकच घोडी तयार ठेवणं ट्रेनर ली फ्रीडमन यांचं कसब. (२००३चा कप डेव्हिड हॉल यांच्या तबेल्यातून आला होता.) मैदान फार कडक असेल तर पळवणार नाही, असं फ्रीडमन यांनी आधीच सांगितलं होतं. ट्रॅकवर पाणी मारलं गेलं आणि त्यावरून वाद झाला. पण सात वर्षांच्या घोडीच्या पायांवर ५८ किलो असताना कडक जमीन म्हणजे दुखापतीला आमंत्रण, हे ट्रेनरचं म्हणणं चूक नव्हतं.

सगळंच जमलं असंही नाही. २००४च्या कॉलफील्ड कपमध्ये ती दुसरी आली, आणि २००५च्या वसंतात जपानमध्ये ३२०० मीटरच्या तेन्नो शोमध्ये सातवी. एकूण ३६ शर्यती, १५ विजय. तिसऱ्या कपनंतर त्याच दिवशी निवृत्ती जाहीर झाली.