टोस्टसाठी शॅम्पेन किती घ्यायची? दादाच्या लग्नातला माझा अनुभव

दादाचं लग्न मे महिन्यात झालं, वहिनी मडगावची कॅथलिक, त्यामुळे रिसेप्शन त्यांच्या पद्धतीने, म्हणजे बँड, मार्च, केक आणि केक कापला की टोस्ट, म्हणजे नवरानवरीसाठी दोन शब्द बोलून सगळ्यांनी ग्लास उंचावायचा. आम्ही फोंड्याचे, आमच्या घरात टोस्ट कोणी कधी रेझ केला नव्हता, आणि वहिनीच्या पप्पांनी महिनाभर आधी मला बोलावून सांगितलं, "पुता, टोस्टाचें तूं पळय" (बाळा, टोस्टचं तू बघ). मला खरंच खूप बरं वाटलं आणि तेवढंच टेन्शनही आलं, कारण टोस्टच्या वेळी कोणा एकाचाही हात रिकामा राहायला नको होता.

पहिला हिशोब मी सगळे करतात तसाच केला. आमंत्रणं 320, बाटली 750 मिलीची, एका बाटलीत साधारण 6 ग्लास, म्हणजे 54 बाटल्या. खरी शॅम्पेन फ्रान्सच्या शॅम्पेन भागातलीच, बाकी सगळ्या स्पार्कलिंग वाईन, आणि 54 खऱ्या बाटल्या आमच्या बजेटमध्ये बसणं शक्यच नव्हतं. म्हणून नवरानवरीसाठी एक खरी आणि बाकी नाशिकची ब्रूट, म्हणजे गोडी कमी असलेली स्पार्कलिंग वाईन, घ्यायचं ठरलं. नाशिकची घेताना अजिबात कमीपणा वाटला नाही, सुला काय किंवा दिंडोरीची शाँदों काय, या दोन्ही वाईन कंपन्यांकडे ब्रूट बनवताना वाईन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, शॅम्पेनसारखीच.

मग कॅटररकडे जाऊन त्याचा फ्लूट, म्हणजे शॅम्पेनचा उंच निमुळता ग्लास, एक दिवसासाठी मागून आणला, हे मात्र प्रत्येकाने करावं. घरी रिकाम्या बाटलीत पाणी भरून ओतून बघितलं तर नीट दिसेल एवढं, म्हणजे शंभरेक मिली ओतलं की 7 ग्लास होतात. टोस्टला दोन-तीन घोटच असतात, नंतर जो तो आपल्या बियरकडे नाहीतर हुर्राककडे (काजूच्या दारूकडे) वळतो, त्यामुळे काठोकाठ भरायची गरजच नाही.

पण खरा हिशोब आईने सुधारला. मी यादीत 21 च्या आतले (गोव्यात कायद्याने वय 21) आणि कधीच न घेणारे एवढेच वेगळे काढले होते, आई म्हणाली अरे रिसेप्शन शनिवारी आहे ना! आमच्याकडचे अर्धे काका-मामा एरवी घेतील पण शनिवारी मासळीसुद्धा खात नाहीत, ते ग्लासाला हात लावणार नाहीत. मग आम्ही दोघं बसून एकेका नावापुढे खूण केली. मुलं आणि 21 च्या आतले 52, न घेणारे आणि शनिवारवाले मिळून 84, आणि फक्त जेवायला उशिरा येणारे 30. उरले 154. भागिले 7, म्हणजे 22 बाटल्या, मेन टेबलला 2 जास्त, सांडलवंड आणि न सांगता आलेल्यांसाठी 3, झाल्या 27. दुकानात 12 चा बॉक्स येतो, मी अडीच बॉक्स म्हणजे 30 घेतल्या, पण दुकानदाराकडून आधी कबूल करून घेतलं की न उघडलेल्या परत घेणार. तो लगेच हो म्हणाला पण एक अट घातली, पात्रांव (शेठ), लेबल भिजलेलं चालणार नाही. हे मला माहीतच नव्हतं, बर्फात ठेवली की लेबल सुटतं आणि ती बाटली तुमचीच झाली. म्हणून 24 टबात आणि 6 हॉलच्या फ्रीजमध्ये कोरड्या ठेवल्या.

बर्फाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण मे महिन्यात गणित इथेच बिघडतं. नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही, बर्फ आणि पाणी निम्मं निम्मं लागतं आणि बाटली मानेपर्यंत बुडलेली हवी. डिकीतून आलेल्या गरम बाटल्यांना आम्हाला पाऊण तास लागला. बाटलीच्या आत 6 ॲटमॉस्फिअरच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण सहापट दाब असतो, कोमट असताना उघडली तर फेस होऊन चांगला ग्लासभर माल जमिनीवर जातो, वेटरने घाई करून उघडलेल्या पहिल्या बाटलीत नेमकं तेच झालं. बूच हातात घट्ट धरून बाटली फिरवायची हे मी मग आठही वेटरना दाखवलं, आणि आधी सगळ्या ग्लासांत थोडं थोडं ओतून, फेस बसला की पुन्हा फिरायचं हेसुद्धा.

आजी, मुलं आणि शनिवारवाल्यांसाठी मी कोकम सोडा ठेवला, 15 लिटर, त्याच फ्लूटमध्ये. कॅटररने 300 फ्लूट कबूल करून 200 च आणले, म्हणून मुलांना साधे ग्लास दिले, पण आजीला मी फ्लूटच दिला. केक कापायला घेतल्यावर वेटरना खूण केली, वहिनीचे काका टोस्टला बारा मिनिटं बोलले तरी ग्लास गारच होते, आणि आजीने सगळ्यांबरोबर कोकमचा लाल ग्लास वर केला तेव्हा मी तिच्याकडेच बघत होतो.

एकूण 25 उघडल्या, फ्रीजमधल्या 5 सोमवारी परत गेल्या. आईने ती यादी जपून ठेवली आहे, डिसेंबरात मावसबहिणीचं रिसेप्शन आहे आणि ते रविवारी, त्यामुळे तिने शनिवारवाल्यांच्या खुणा आत्ताच खोडून टाकल्या आहेत.